चवदार तळे: दगडातले आणि दाव्यातले



या व्याख्यानमालेच्या संयोजकांच्या पत्रात विषय होता, 'एखादा ऐतिहासिक चौक आणि त्यातली स्मारके'. अट एवढीच की जागा शक्यतो आपल्या रायगड जिल्ह्यातली असावी. मुंबईचा हुतात्मा चौक घेतला असता तर काम सोपे झाले असते. 1864 चे फ्लोरा फाउंटन, त्याच्या शेजारी 1961 साली उभे राहिलेले संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक, आणि त्या दोहोंमधले शंभर वर्षांचे राजकारण. तासभर सहज निघाला असता. पण आपल्या किनाऱ्यावरच्या गावांना तसला ऐसपैस, फरसबंद चौक कुठला? आपल्याकडे आळ्या, पाखाड्या, एक बाजारपेठ, ग्रामदैवताचे देऊळ आणि तळे. चार माणसे रोज एकमेकांना दिसतात ती पाणवठ्यावर. तेव्हा आपल्या गावातला खरा चौक म्हणजे तळे, असे मी धरून चाललो आहे. आणि तळे म्हटल्यावर या जिल्ह्यात दुसरे नाव घ्यायची गरज उरत नाही. मी आज महाडच्या चवदार तळ्यावर बोलणार आहे.

'महाड किनाऱ्यावर कुठे?' असे कोणी विचारील. महाडपर्यंत समुद्राची गाज ऐकू येत नाही, हे खरे. पण कोकणचा किनारा खाड्यांनी आत शिरतो. बाणकोटच्या खाडीतून सावित्रीने वर यायचे, दासगावला उतरायचे, आणि तिथून महाड पाच मैल. बोटींच्या काळात मुंबईचा माणूस महाडला असाच यायचा. महाडपासून पुढे वरंध्याच्या वाटेने देश गाठता येतो. घाटावरचा माल आणि बंदरावरचा माल जिथे हात बदलतो, त्या गावाला बाजार असतो, बाजाराला गर्दी असते आणि गर्दीला तहान लागते. पुढची सगळी गोष्ट या तहानेची आहे. पंचक्रोशीतला अस्पृश्य माणूस माल घेऊन, कोर्टकचेरीच्या कामाने, पेन्शन घ्यायला महाडात यायचा. दिवसभर उन्हात राबायचा आणि त्याला गावात घोटभर पाणी मिळायचे नाही. तळे तर गावाच्या मधोमध होते.

हे तळे कसे होते, याचे सर्वांत नेमके वर्णन मला इतिहासाच्या पुस्तकात नव्हे, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात सापडले. चार ते पाच एकरांचे तळे. बव्हंशी नैसर्गिक, मधूनमधून बांधकाम केलेले. निदान अडीचशे वर्षांचे, हे दोन्ही बाजूंना मान्य. चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यापलीकडे सवर्ण हिंदूंची घरे, मोजकी मुसलमानांची. घरमालकांपैकी बऱ्याच जणांच्या मालकीच्या पाण्यालगत जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्या, पायऱ्या, बांध. अस्पृश्यांचे घर जवळपास एकही नाही. न्यायाधीशांनी हे कोरडेपणाने लिहिले आहे, पण त्या कोरड्या मजकुरात अख्ख्या गावाची रचना उतरली आहे. रस्ते सगळ्यांचे, म्हणजे नगरपालिकेचे. पाणीही तिचेच. मधली पायरी तेवढी कोणाची तरी खाजगी. सार्वजनिक आणि खाजगी यांच्यामधला तो हातभर रुंदीचा पट्टा, भांडण तिथलेच.

भांडण 1927 साली सुरू झाले अशी आपली समजूत आहे, कारण सोहळे त्या सालाचे होतात. मला त्या आधीची चाळीस वर्षे महत्त्वाची वाटतात. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून 1886 साली निवृत्त झाले आणि 1888 मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. धर्माच्या जाणकारांना प्रश्न विचारत जाणारी ती पुस्तिका आहे. 1895 साली सरकारने त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले, तेव्हा सवर्ण सभासदांना त्यांच्याबरोबर बसणे जड गेले. महाड, दासगाव आणि आसपासच्या गावांत पलटणींतले महार पेन्शनर पुष्कळ होते. सरकारी शाळेतून लिहिणेवाचणे शिकलेली, मुलूख पाहिलेली, अर्ज कसा करायचा हे जाणणारी ही माणसे. महाडची चळवळ मुंबईहून आयात झाली असे म्हणणाऱ्यांनी या पेन्शनरांचा हिशेब एकदा करून पाहावा.

त्यांच्या पुढच्या पिढीतला माणूस म्हणजे रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म महाड तालुक्यातल्या लाडवलीचा, वाढले दासगावात. महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळवण्यासाठी या मुलाला झगडावे लागले. महाडात परिषद घ्यायची आणि तिला डॉ. आंबेडकरांनाच बोलवायचे, हा ध्यास मोऱ्यांचा. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले, 1965 साली त्यांनी 'जीवनमार्ग' हे साप्ताहिक सुरू केले. कदाचित पक्ष वेगळा झाला म्हणूनच, पण महाडच्या इतिहासात त्यांचे नाव जितक्या मोठ्या अक्षरात यायला हवे तितके येत नाही. हे माझे मत आहे, आणि ते मी या व्यासपीठावरून नोंदवून ठेवतो.

दुसरीकडे मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी 4 ऑगस्ट 1923 रोजी ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांमार्फत चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. महाडच्या नगरपालिकेने, सुरेंद्रनाथ टिपणीस म्हणजे सुरबानाना टिपणीस यांच्या पुढाकाराने, 1924 मध्ये त्याला अनुसरून आपली तळी खुली केल्याचा ठराव केला. कागद झाला. पाण्याला कोणी हात लावला नाही, कारण लावला तर काय होईल हे सगळ्यांना ठाऊक होते. ठराव करणाऱ्यांनाही.

मग 19 आणि 20 मार्च 1927. कुलाबा (म्हणजे आजचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषद, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. परिषदेला आलेल्या हजारो माणसांना प्यायला पाणी हवे, म्हणून ते सवर्णांकडून चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले. मित्रहो, या चाळीस रुपयांपाशी थोडे थांबू या. ज्या गावातल्या सार्वजनिक तळ्याचे पाणी नगरपालिकेच्या ठरावाने तीन वर्षांपूर्वीच तुमचे झाले आहे, त्या गावात तुम्ही पाणी विकत घेऊन सभा भरवता. या एका खर्चाच्या बाबीने ठरावाची किंमत जशी सांगितली तशी कोणत्याच भाषणाने सांगितली नसेल.

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी कामकाज संपत आले असताना अनंतराव चित्रे उठले आणि म्हणाले की एक काम राहिले आहे, आपण तळ्यावर जाऊन पाणी घेऊ या. चित्रे आणि टिपणीस दोघेही चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, हेही या गोष्टीत विसरण्यासारखे नाही. मंडपातून चारचारांच्या रांगा निघाल्या, बाजारपेठेतून गेल्या आणि तळ्याशी थांबल्या. बाबासाहेब पायऱ्या उतरले, त्यांनी ओंजळीने पाणी घेतले आणि मग इतरांनी घेतले. त्यात आरडाओरड नव्हती, मोडतोड नव्हती. कामाला वेळ किती लागला असेल? फार नाही.

त्यानंतर गावात अफवा उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमावाने मंडपावर हल्ला केला. तिथे माणसे जेवत होती. शिजवलेले अन्न मातीत गेले, वाटेत सापडेल त्याला मार बसला. काहींना मुसलमान कुटुंबांनी आपल्या घरात घेतले. बाबासाहेब डाकबंगल्यात होते. पलटणीत काम केलेले, हातात काठी धरता येणारे लोक त्यांच्याभोवती होते आणि चिडलेले होते. बाबासाहेबांनी प्रतिहल्ला होऊ दिला नाही. पुढे खटला होऊन हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळे मात्र पंचगव्याचे एकशे आठ घडे ओतून शुद्ध करून घेण्यात आले. शुद्धीकरणाने तळे खरोखर शुद्ध झाले की नाही, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला विचारण्यासारखा आहे. ओतणाऱ्यांच्या मनाचे समाधान झाले, एवढे खरे.

आणि नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव मागे घेतला. तारीख 4 ऑगस्ट 1927. बोले यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती.

ठराव मागे घेतला गेला, म्हणून पुन्हा तळ्यावर जायचे ठरले. त्या डिसेंबरच्या सत्याग्रहाकडे वळतो. या वेळी महाडात मंडपाला जागा द्यायला कोणी हिंदू तयार होईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. मोटारवाले ऐनवेळी अडवणूक करतील या भीतीने बाबासाहेब आणि मंडळी 24 डिसेंबरला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाली आणि 25 ला दुपारी दासगाव बंदरात उतरली. हजारो माणसे धक्क्यावर होती. तिथून महाडपर्यंतचे पाच मैल सगळे चालत गेले. मंडपातल्या भाषणात बाबासाहेबांनी या परिषदेची तुलना केली ती 1789 साली व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच प्रतिनिधींच्या सभेशी. कुलाबा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, उसन्या जमिनीवर, घोंगड्या पांघरून बसलेल्या माणसांसमोर! तेव्हा हे कुणाला अतिशयोक्त वाटले असेल. त्या रात्री, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या आणि पां. ना. राजभोज यांनी अनुमोदिलेल्या ठरावाप्रमाणे, खणलेल्या खड्ड्यात मनुस्मृतीचे दहन झाले. सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते.

तळ्याचे पाणी मात्र डिसेंबरात कोणी घेतले नाही, आणि हा भाग सोहळ्याच्या भाषणांत बहुधा गाळला जातो. 12 डिसेंबरला महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा दाखल केला आणि 14 तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. कलेक्टर परिषदेत आले, त्यांनी हुकूम मोडू नका असे सांगितले. माणसे तुरुंगात जायच्या तयारीने आलेली होती. नावे नोंदवली गेली होती. बाबासाहेबांनी त्यांना थांबवले. 27 तारखेला मिरवणूक निघाली, तळ्याला फेरी घालून परत आली. पाण्याला बोट न लावता. कित्येकांना तेव्हा हे पचले नसणार. पण कोर्टात हरण्याची जोखीम घेऊन कोर्टातच जिंकायचे, हा निर्णय त्या फेरीत झाला होता. बॅरिस्टर माणसाचा निर्णय.

दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. वादींचे म्हणणे दोन पदरी होते. एक, तळे नगरपालिकेचे नाहीच, ते आमच्या खाजगी मालकीचे. दोन, मालकी सिद्ध झाली नाही तरी अस्पृश्यांनी इथले पाणी घ्यायचे नाही ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, आणि ती मोडता येत नाही. महाडच्या न्यायालयाने 8 जून 1931 रोजी दावा फेटाळला. ठाण्याच्या न्यायालयाने 30 जानेवारी 1933 रोजी अपील फेटाळले. वादी उच्च न्यायालयात गेले. तिथे 17 मार्च 1937 रोजी निकाल लागला. खंडपीठावर न्यायमूर्ती वाडिया होते आणि न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. हे तेच ब्रूमफील्ड, ज्यांनी 1922 साली अहमदाबादला गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती.

आता निकालाचा गाभा. न्यायालयाने असे म्हटले नाही की माणसाला पाणी नाकारणे अन्याय्य आहे. त्याने विचारले, वहिवाट अनादी आहे याला पुरावा काय? अस्पृश्य या तळ्यावर येत नव्हते, हे मान्य. पण त्यांची घरे तिथे नव्हती, त्यांना यायचे कारण नव्हते. नगरपालिका होण्याआधी ते आले आणि त्यांना अडवले, असे कुठे दिसते? न येणे म्हणजे अडवले जाणे नव्हे. म्हणून वहिवाट सिद्ध होत नाही, म्हणून दावा फेटाळला. आणि जाता जाता न्यायमूर्तींनी नोंदवले की वहिवाट सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे का, याचा विचार कदाचित करावा लागला असता.

म्हणजे प्रश्न उघडाच राहिला होता. कायद्याच्या दृष्टीने बाबासाहेब जिंकले ते समतेच्या तत्त्वावर नव्हे. समोरच्याचा पुरावा तोकडा पडला म्हणून जिंकले. दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या तळ्याबद्दल कोणी जास्त चांगला पुरावा आणला असता तर? ही भीती बाबासाहेबांमधल्या वकिलाच्या डोक्यातून कधी गेली असेल असे मला वाटत नाही. राज्यघटनेचे 15 वे कलम काढून पाहा. त्याच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा अशी नावानिशी यादी आहे, आणि अट अशी की त्या पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून चालणाऱ्या किंवा सर्वांसाठी अर्पण केलेल्या असाव्यात. जगातल्या मोठमोठ्या राज्यघटनांत समतेची भव्य वाक्ये आहेत. आपल्या घटनेत तलाव आणि घाट आहेत. 1923 च्या ठरावातली सार्वजनिक पैशाची कसोटी आणि 1937 च्या निकालातला अर्धवट प्रश्न, दोन्ही त्या खंडात निकाली निघाले आहेत. मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते हे सांगायला नको.

स्मारकांबद्दल मी अजून काहीच बोललो नाही, आणि विषय तर तोच होता. आज महाडात तळ्यात बाबासाहेबांचा पुतळा आहे, क्रांतिस्तंभ आहे, त्यांच्या नावाचे राष्ट्रीय स्मारक आहे, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आहे. 20 मार्चला आणि 25 डिसेंबरला महाराष्ट्रभरातून माणसे येतात, पायऱ्या उतरून ओंजळीत पाणी घेतात, पुस्तकांच्या टपऱ्यांवर गर्दी करतात. त्या दोन दिवसांत तिथे जेवढी पुस्तके विकली जातात, तेवढी आपल्या साहित्य संमेलनांच्या प्रदर्शनांतही दरवर्षी खपतात की नाही याची मला शंका आहे. ही गर्दी मला कोणत्याही शिल्पापेक्षा मोठे स्मारक वाटते.

तुलनेसाठी पॅरिसचा प्लास द ला काँकॉर्द घ्या, कारण फ्रान्सचे नाव बाबासाहेबांनीच काढले होते. हा चौक बांधला पंधराव्या लुईच्या नावाने, मध्ये त्याचा घोड्यावरचा पुतळा. 1792 साली पुतळा पाडला. 21 जानेवारी 1793 रोजी तिथेच सोळाव्या लुईचे मुंडके उडवले. चौकाला आधी क्रांतीचे नाव मिळाले, मग काही वर्षांतच सलोख्याचे. आता त्या जागी काय उभारायचे? राजाचा पुतळा उभारला तर क्रांतीवाले चिडणार, क्रांतीचा उभारला तर राजावाले. 1836 साली लुई फिलिपने युक्ती काढली. इजिप्तमधल्या लक्सरचा तीन हजार वर्षांपूर्वीचा ओबेलिस्क आणून उभा केला. फ्रान्सच्या कोणत्याच भांडणाशी संबंध नसलेला दगड! सगळे खूश, आणि जागेवर काय घडले ते दगड सांगत नाही.

महाडला असा उसना दगड आणायची वेळ आली नाही. तिथले स्मारक घडलेल्या गोष्टीबद्दलच बोलते. तरी एक उणीव मला जाणवते. स्तंभ आणि पुतळा 20 मार्च आणि 25 डिसेंबर सांगतात. 17 मार्च सांगत नाहीत. ओंजळीचा क्षण शिल्पात मावतो, नऊ वर्षांचा दावा मावत नाही. तारखा पडल्या, साक्षी झाल्या, अपिले झाली, महाडहून ठाण्याला आणि ठाण्याहून मुंबईला कागद गेले. तेवढा काळ हरलेली बाजू आणि जिंकणारी बाजू एकाच गावात, एकाच बाजारात राहत होती. सुरबानाना टिपणीस महाडातच होते. 1937 च्या निवडणुकीत ते आणि चित्रे स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले, म्हणजे त्यांनी ज्या समाजाचा रोष ओढवून घेतला होता त्याच मतदारांपुढे जाऊन उभे राहण्याचे धाडस त्यांच्यात होते.

आणि या दाव्याचे कागद टिकतील याचीही खात्री नाही. जुलै 2021 च्या महापुरात महाड पाण्याखाली गेले. सावित्री आणि गांधारी दोन्ही चढल्या की या गावाला कोणती आळी कोणाची हे विचारायची सोय नसते. पूर ओसरल्यावर घराघरांतून ओले कागद वाळत घातलेले सगळ्यांनी पाहिले. जुन्या घरांत जुने कागद असतात. नगरपालिकेचे ठराव, दाव्याच्या नकला, पेन्शनरांचे अर्ज, परिषदेची हस्तपत्रके, कोणाच्या आजोबांच्या ट्रंकेत काय आहे कोणास ठाऊक.

मार्च 2027 मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होत आहेत. कमानी लागतील, फलक लागतील, मंत्री येतील, त्याची काळजी नको. माझी मागणी छोटी आहे आणि ती या सभागृहातल्या शिक्षकांना, वकिलांना आणि ग्रंथपालांना आहे. तिन्ही न्यायालयांचे निकाल सुबोध मराठीत आणून एका पुस्तिकेत छापा आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक वाचनालयात व माध्यमिक शाळेत एकेक प्रत ठेवा. वकील मंडळींनी भाषांतर तपासावे, शिक्षकांनी ते नववीच्या वर्गात वाचून घ्यावे. आणि ज्यांच्या घरी त्या काळातले कागद असतील, त्यांनी पुढचा पावसाळा येण्याआधी त्यांची छायाप्रत काढून ग्रंथालयाकडे द्यावी.